आकाशातला सांगकाम्या

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला विमानविद्येची दोन टोके हाकेच्या अंतरावर सापडतात. एक टोक नाशिकजवळच्या गांधीनगरच्या धावपट्टीवर आहे. तोफखान्याच्या शाळेच्या शेजारी २००३ पासून लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळाही नाशकात आहे आणि ‘चेतक’, ‘चीता’ यांची घरघर या भागाला नवी नाही. मूळ फ्रेंच आराखड्याच्या, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) परवान्याखाली बांधलेल्या ‘चीता’मध्ये ऑटोपायलट नाही. ढगात शिरून दिशाभूल झालेल्या वैमानिकाला क्षणभर सोपवून द्यायला दुसरे कुणी नाही, ही या हेलिकॉप्टरवर वारंवार होणारी टीका त्यामुळेच आहे. दुसरे टोक सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरवर, ओझरला. १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या तिथल्या एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ चे सांगाडे तयार झाले. इंजिने कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला होत. मिग-२१ ला ऑटोपायलट होता, पण आजच्या प्रवासी विमानातल्यासारखा सर्वज्ञ नव्हे. ज्यात सगळे हातानेच करायचे ते यंत्र आणि ज्यात जवळजवळ सगळे आपोआप होते ते यंत्र यांच्या मधला हा टप्पा. हौशी माणसाला आज तो घरच्या संगणकावर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अनुभवता येतो. माझे म्हणणे असे की या मधल्या टप्प्यावरचा जुना ऑटोपायलट आपल्याला स्वयंचलित यंत्रांबद्दल जे शिकवतो, ते नवा ऑटोपायलट शिकवू शकत नाही. तो कमी करतो, आणि काय करत नाही ते लपवत नाही.

ऑटोपायलटचा जन्म विमानाच्या जन्माइतकाच जुना म्हणावा लागेल. राइट बंधूंच्या उड्डाणाला अकरा वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा, १८ जून १९१४ रोजी, लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने पॅरिसजवळ सीन नदीवरून आपले विमान नेले. त्याने दोन्ही हात वर केले होते आणि त्याचा फ्रेंच मेकॅनिक चक्क पंखावर चालत गेला होता. तोल बिघडला असता, पण विमानातल्या जायरोस्कोपने तो सावरला. वेगाने फिरणारी जड चकती आपला आस सहजी बदलू देत नाही. विमान कलले की चकती आणि विमान यांच्यात कोन पडतो, आणि तो कोन नाहीसा होईपर्यंत यंत्र पंखांच्या झडपा हलवते. ऑटोपायलटचे मूळ तत्त्व आजही एवढेच आहे. एक आकडा धरायचा, प्रत्यक्षातला आकडा मोजायचा आणि दोहोंतला फरक मिटवत राहायचे. पुढच्या शंभर वर्षांत धरायचे आकडे वाढत गेले. आधी पंखांचा कल, मग नाकाची दिशा, मग उंची, मग रेडिओ-मार्ग, शेवटी वेग आणि इंजिनाची ताकदसुद्धा. जुना ऑटोपायलट म्हणजे या यादीतले पहिले तीन-चार आकडे सांभाळणारा, बाकीचे वैमानिकावर सोडणारा सांगकाम्या.

याचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे सेस्ना १७२ या चार आसनी विमानातला केएपी १४० हा छोटा डबा. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन किंवा फुकट मिळणारा फ्लाइटगिअर यांत तो वापरायला मिळतो. डब्यावर मोजकी बटणे आणि एक छोटी पट्टी. ‘एपी’ दाबले की पट्टीवर दोन अक्षरगट उमटतात, ‘आरओएल’ आणि ‘व्हीएस’. म्हणजे मी पंख सपाट ठेवीन आणि या घडीला विमान ज्या गतीने चढते किंवा उतरते आहे ती गती धरीन. नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. त्याला वाटते, ऑटोपायलट लागला म्हणजे विमान ठरल्या गावाला निघाले. डब्याला ना गाव ठाऊक असते, ना वाट. दिशा धरायला हवी असेल तर ‘एचडीजी’ दाबावे लागते, आणि त्याआधी दिशादर्शकावरची छोटी खूण हव्या त्या अंशावर फिरवून ठेवावी लागते. खूण भलतीकडे राहिली असेल तर विमान विनातक्रार भलतीकडे वळते. आदेश चुकीचा आहे अशी शंका या यंत्राला कधीही येत नाही.

ही मर्यादा कागदावर वाचणे वेगळे आणि आपल्या डोंगरांत पाहणे वेगळे. देवळालीपासून कळसूबाई साधारण चाळीस किलोमीटरवर, दक्षिणेकडे किंचित पश्चिमेला झुकून आहे. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. सिम्युलेटरमध्ये देवळालीवर ५००० फुटांवर विमान आणावे, दिशेची खूण २०० अंशांवर ठेवावी आणि ऑटोपायलटला उंची व दिशा धरायला सांगावे. खाली जमीन तीन हजार फूट दूर असल्याने सगळे निवांत वाटते. १२० नॉटच्या वेगाने अकरा मिनिटांत राज्यातले सर्वोच्च शिखर समोर उभे ठाकते, आणि ते विमानाहून चारशे फूट उंच असते. ऑटोपायलट ५००० फूट इमानाने धरून असतो. हाच प्रयोग पावसाळी हवामान लावून, पश्चिमेचा वीस नॉटचा वारा ठेवून करावा. आता विमान कळसूबाईला पोहोचतच नाही. नाक २०० अंशांवरच असते, पण तेवढ्या वेळात वारा विमानाला सुमारे साडेसहा किलोमीटर पूर्वेकडे सारून नेतो. नाकाची दिशा आणि प्रत्यक्ष वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मग पुस्तकात राहत नाही. उपग्रहाच्या आधाराने नकाशावरची रेघ धरणारा नवा ऑटोपायलट वाऱ्याचा हिशेब स्वतःच करतो, त्यामुळे वारा होता हेच वैमानिकाच्या ध्यानात न येण्याची शक्यता असते.

उंचीचीही तीच गत. विमानातला अल्टिमीटर उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. त्या दिवशीचा समुद्रसपाटीचा दाब त्याला कळवावा लागतो. थंडीत आपल्याकडे हा दाब १०१५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तर ऐन पावसाळ्यात १००३-४ पर्यंत उतरतो. दर हेक्टोपास्कलमागे सुमारे २७ ते ३० फुटांचा फरक. उंची आधी निवडून ठेवण्याची सोय असलेल्या केएपी १४० मध्ये मजा अशी की त्याची दाबाची नोंद अल्टिमीटरपेक्षा वेगळी करावी लागते. अल्टिमीटरवर १००३ लावले आणि डब्यात प्रमाण दाब, म्हणजे १०१३, तसाच राहिला तर एकाच विमानात उंचीबद्दल दोन मते तयार होतात. आपण डब्याला ५८०० फूट सांगितलेले असतात, कळसूबाईवरून चारशे फुटांचे अंतर राखून जाऊ या हिशेबाने. डबा ५८०० गाठल्याचे समजून थांबतो, तेव्हा अल्टिमीटर ५५०० च्या जवळपास असतो. चारशेतले तीनशे फूट एका विसरलेल्या आकड्याने खाल्ले. ज्याने एकदा हा घोटाळा उलगडला, तो पुढे कुठल्याही यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. वैमानिकाच्या शिस्तीचा गाभा हाच आहे.

तिसरा धडा वेगाचा आणि तो सर्वांत महत्त्वाचा. केएपी १४० इंजिनाची ताकद ठरवणाऱ्या थ्रॉटलला हात लावत नाही. एप्रिल-मे महिन्यातली नाशिकची चाळीस अंशांची दुपार घ्या. ओझरची धावपट्टी सुमारे दोन हजार फुटांवर आहे, पण त्या उष्णतेत हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख यांना आपण पाच हजार फुटांच्याही वर असल्यासारखे वागावे लागते. समुद्रसपाटीला मिनिटाला सातशे फूट चढणारे विमान आता पाचशेच्या आसपासही मुश्किलीने जाते. अशा वेळी ‘अप’चे बटण दर खेपेला शंभर फुटांनी वाढवत डब्याला सातशेचा आदेश द्यावा. तो नाक वर करतो. चढण्याची गती काही क्षण मिळते, वेग उतरू लागतो. गती पुन्हा घसरते, तो नाक आणखी वर करतो. सत्तर नॉट, साठ नॉट, पन्नासच्या आसपास पंखांवरून हवा सुटते आणि विमान कोसळू लागते. यंत्राने एकही चूक केलेली नसते. त्याच्याकडे चढण्याची गती सोपवली होती, वेग नव्हे. नाक यंत्राच्या हाती आणि थ्रॉटल माणसाच्या हाती, अशी वाटणी असेल तर वेग दोघांच्या मध्ये अनाथ होतो.

ओझरच्या मिग-२१ कडे या नजरेने पाहिले तर त्याचा ऑटोपायलट आणखी बोलका वाटतो. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप घेतलेले हे विमान. त्याची ‘बिस’ ही आवृत्ती ओझरला बांधली गेली, आणि तीच डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये २०१४ पासून उपलब्ध आहे. तिच्या ऑटोपायलटची मुख्य कामे थोडकी आहेत. विमान ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत स्थिर ठेवणे, उतरताना रेडिओ-मार्ग धरायला मदत करणे, आणि सर्वांत रंजक म्हणजे दांड्यावरच्या एका बटणासरशी विमान क्षितिजाला समांतर आणणे. ढगात किंवा रात्री गरगरलेल्या वैमानिकाला वर-खाली कळेनासे झाले तर हे बटण दाबायचे. पंख सपाट होतात, नाक क्षितिजावर येते. हे बटण नक्कीच जीव वाचवू शकते, पण त्याच्याही अटी आहेत. विमान सावरायला खाली उंची शिल्लक हवी आणि पंखांना पेलण्याइतका वेग हवा. थ्रॉटल याही ऑटोपायलटच्या हाती नाही. मिग-२१ चा छोटा त्रिकोणी पंख मंद वेगात अतोनात अवरोध निर्माण करतो, म्हणून इंजिन मंदावलेले ठेवून या बटणावर विसंबणारा वैमानिक सपाट पंखांनी, क्षितिजाकडे तोंड करून, खाली बसत जातो. संकटकाळचे बटणसुद्धा मदतीचा एक भागच पुरवते, उरलेला माणसाने पुरवायचा असतो.

हे सगळे संगणकावरचे खेळ वाटत असतील तर प्रत्यक्षातल्या नोंदी पाहाव्यात. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे ट्रायस्टार विमान मायामीजवळ २००० फुटांवर ऑटोपायलटवर उडत होते. पुढच्या चाकाचा दिवा लागत नव्हता, आणि कॉकपिटमधले सगळेच त्या जळालेल्या दिव्यात गुंतले. दांड्याला नकळत लागलेल्या रेट्याने उंची धरण्याचे काम सुटले आणि विमान सावकाश उतरत दलदलीत शिरले. शंभराहून अधिक माणसे गेली. १९ फेब्रुवारी १९८५ रोजी चायना एअरलाइन्सच्या ७४७ एसपी विमानाचे एक इंजिन प्रशांत महासागरावर ४१ हजार फुटांवर बंद पडले. एका बाजूचा जोर गेल्यावर विमान वळू लागते आणि ते शेपटीच्या रडरने रोखायचे असते. त्याचा ऑटोपायलट अशा उड्डाणात रडर हाताळत नव्हता. तो पंखांच्या झडपांनीच विमान सरळ ठेवण्याची शिकस्त करत राहिला. कप्तानाने तो काढला तेव्हा विमान उलटले आणि जवळजवळ तीस हजार फूट खाली गेल्यावर सावरले. सुदैवाने सगळे वाचले. दोन्ही प्रसंगांत ऑटोपायलट बिघडलेला नव्हता. यंत्र काय करत आहे आणि काय करत नाही, याचे माणसाच्या मनातले चित्र बिघडले होते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जुनी यंत्रे एवढी प्रामाणिक होती तर १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचे ००७ हे विमान सोव्हिएत हद्दीत कसे भरकटले? अलास्काहून सोलला निघालेले ते ७४७ मार्गापासून शेकडो किलोमीटर दूर गेले आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. सर्व २६९ जण गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या १९९३ च्या अहवालानुसार ऑटोपायलट एकतर नुसत्या दिशेवर राहिला होता, किंवा मार्गदर्शक यंत्रणेला जोडण्याची कळ फिरवली तेव्हा विमान ठरल्या रेघेपासून इतके दूर होते की यंत्रणेने ती रेघ पकडलीच नाही. कळ एका जागी आणि प्रत्यक्ष काम दुसरे, असा हा प्रकार. तेव्हा जुने म्हणजे पारदर्शक, असे सरसकट म्हणता येत नाही, हे मान्य करायला हवे. पण याच प्रसंगाने माझ्या म्हणण्याला अधिक नेमकेपणा येतो. जुना ऑटोपायलट स्वतःहून सत्य सांगतो असे नव्हे, तर सत्य तपासण्याची वेळ तो वारंवार आणतो. पट्टीवर ‘एआरएम’, म्हणजे पकडीची नुसती तयारी, दिसते आहे की प्रत्यक्ष पकड झाली आहे, हा प्रश्न सिम्युलेटरमध्ये दर फेरीला विचारावा लागतो. तो न विचारण्याची किंमत काय, हे ००७ ने सांगितले आहे.

दुसरा आक्षेप असा की आजची विमाने जुन्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत आणि त्यात स्वयंचलित यंत्रणांचा वाटा मोठा आहे. मग जुन्याचे कौतुक कशाला? हा मुद्दा खराच आहे. प्रवाशांना जुन्या ऑटोपायलटवर बसवा, असे कुणी म्हणत नाही. प्रश्न शिकण्याचा आहे. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे उड्डाण मुंबईहून बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. विमान होते नवे कोरे एअरबस ए-३२०, त्या काळातले सर्वांत हुशार. स्वयंचलित यंत्रणा ज्या अवस्थेत होती, तिच्यात इंजिने मंद राहतात आणि वेग विमानाच्या नाकाने सांभाळायचा असतो. विमान हव्या त्या उताराच्या खाली जात असताना इंजिने मंदच राहिली, वेग उतरत गेला, आणि हे ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता. नाक कोणाकडे आणि इंजिन कोणाकडे, हा सेस्नातलाच प्रश्न इथे नव्या वेशात उभा आहे. फरक एवढाच की जुन्या यंत्रात वाटणी कायमची ठरलेली असते, नव्यात ती अवस्थेगणिक बदलते. जो आधी ठरलेली वाटणी पक्की शिकला, त्यालाच बदलती वाटणी ओळखणे सोपे जाते.

तिसरा आक्षेप सिम्युलेटरवरच आहे. खुर्चीत बसून पडद्याकडे पाहणाऱ्याला ना पोटात गोळा येतो, ना कानात दडे बसतात. मरणाची भीती नाही, तर शिकण्याला किंमत काय? नियमही याच बाजूने आहेत. घरच्या संगणकावरचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. तरीही खोट्या विमानातून खरी विद्या येते याचा दाखला जुना आहे. एडविन लिंक हा ऑर्गन या वाद्याच्या कारखान्यातला माणूस. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ मध्ये हलणारी, डुलणारी एक पेटी बनवली. लोक तिला खेळणे समजत राहिले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने टपाल वाहण्याचे काम हाती घेतले आणि खराब हवेत एकामागून एक वैमानिक गमावले, तेव्हा त्यांना लिंकच्या पेट्या आठवल्या. त्या पेटीतून बाहेर काही दिसत नसे, आणि तोच तिचा गुण ठरला. आकड्यांवर विश्वास ठेवून, आकडे एकमेकांशी ताडून उडायचे एवढेच ती शिकवी. जुन्या ऑटोपायलटचा अभ्यासही नेमका याच जातीचा आहे. त्यात हातांच्या सफाईपेक्षा नजरेची शिस्त लागते, आणि ती पडद्यावरही घडते.

मात्र घरच्या सिम्युलेटरची एक खोड सांगायलाच हवी. त्यातला ऑटोपायलट कुणीतरी प्रोग्राम लिहून घडवलेला असतो, आणि बरेचदा तो खऱ्यापेक्षा गुणी निघतो. साध्या नमुन्यांत एकच सरधोपट ऑटोपायलट सगळ्या विमानांना चिकटवलेला असतो. तो दाबाची नोंद अल्टिमीटरवरून परस्पर उचलतो, उंची गाठताना हेलकावत नाही, थकलेल्या जायरोसारखा भरकटत नाही. असा ऑटोपायलट शिकवण्याऐवजी लाडावतो. यावर उपाय म्हणजे त्या विमानाची खरी पुस्तिका शेजारी ठेवणे. सेस्नाची आणि केएपी १४० ची पुस्तिका छापील स्वरूपात आहे. पुस्तिका म्हणते ते पडद्यावर घडत नसेल, तर चूक कुणाची हे शोधणे हाही अभ्यासच. काळजीपूर्वक बनवलेल्या नमुन्यांत हा फरक पुष्कळ कमी असतो.

आपल्याकडे विश्वास पानिपतात गेल्याचे सांगून कुणावरही भरवसा न ठेवण्याचा सल्ला देतात. ऑटोपायलटच्या बाबतीत तो सल्ला अर्धाच कामाचा. लांब पल्ल्याच्या उड्डाणात तासन्‌तास दांडा धरून बसलेला वैमानिक थकतो आणि थकलेला माणूस यंत्रापेक्षा धोकादायक असतो. यंत्रावर भरवसा ठेवलाच पाहिजे, पण किती आणि कशासाठी हे ठाऊक असल्यावर. नाशकात वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी सिम्युलेटर उघडला तर पहिल्याच दिवशी चकाकत्या जेटमध्ये बसू नये. जुना डबा असलेले छोटे विमान घ्यावे आणि दर बटणाआधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आता यंत्र कोणता आकडा धरणार? कोणता आकडा माझ्याकडे राहिला? दोघांपैकी कुणाकडेच नाही असा आकडा कोणता? विमानाशी काही संबंध नसलेल्या वाचकालाही हे प्रश्न परके नाहीत. स्वतः ब्रेक लावणाऱ्या मोटारी रस्त्यावर आहेत, रस्ता सांगणारा फोन खिशात आहे, आणि निर्णय सुचवणारे संगणक कचेऱ्यांत आले आहेत. ही यंत्रे जितकी कसबी होतील तितका त्यांचा न केलेला भाग दृष्टीआड जाईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने यंत्र सुरू करण्याची घाई करू नये.